आखाजीचा स्लॅब

सुरतेच्या गोडादऱ्यात कुणाचा स्लॅब पडायचा असला की आमंत्रणं द्यावी लागत नाहीत. काँक्रीटची गाडी गल्लीत वळली की माणसं आपोआप गोळा होतात, बायका पोळपाट-लाटणी घेऊन येतात, आणि ज्याने आयुष्यात कधी खिळा ठोकला नाही तोही कमरेवर हात ठेवून सल्ला द्यायला उभा राहतो. एखाद्याच्या घराची ही तऱ्हा, तर समाजाच्या अभ्यासिकेच्या स्लॅबला काय झुंबड उडाली असेल याचा अंदाज करा. त्यात दिवस आखाजीचा. अक्षय्य तृतीया म्हणा हवं तर, पण खान्देशातून सुरतेत येऊन लूम चालवणाऱ्या माणसांना ती आखाजीच. आमरस-पुरणपोळीचा, झोक्यांचा आणि दिवसभर पत्ते कुटायचा सण. एक वेळ दिवाळीला मिलमध्ये जातील, पण आखाजीला कुणी कामावर जात नाही.

हा दिवस निंबाआप्पांनी मुद्दाम धरला होता. निंबाआप्पा समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. दुसऱ्याच्या लूमवर कामाला लागले आणि बघता बघता स्वतःच्या लूमची अख्खी शेड उभी केली. माणूस मोठ्या मनाचा. अभ्यासिकेसाठी जागाही त्यांनीच दिली. फक्त एक खोड होती. त्यांना सांगायची सवय होती, विचारायची नव्हती.

इमारतीची आर्किटेक्ट गायत्री. सुकलालची मुलगी. सुकलालचा जन्म पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवण्यात गेला, आणि गायत्रीची शाळा-कॉलेजची वर्षं चाळीच्या जिन्यात अभ्यास करण्यात गेली. घरात एक खोली, खोलीत पाच माणसं, आणि भिंतीपलीकडे रात्रंदिवस खडखडणारे लूम. त्यामुळे आप्पांनी अभ्यासिकेचा विषय काढला तेव्हा तिने नकाशा काढला तो डोक्याने कमी आणि पोटातल्या जुन्या रागाने जास्त. मोठ्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नावाने पुष्कळ इमारती केल्यावर ही तिच्या नावाची पहिली होती. काम मिळालं तेही सुकलालने आप्पांकडे शब्द टाकला म्हणून. इमारत नीट उभी राहिली तर ती आर्किटेक्ट. नाही तर सुकलालची पोर, जिला उगाच काम दिलं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि आत कुठेतरी ते सारखं टोचत असायचं.

आर्किटेक्टचं काम काय, याविषयी समाजात एकमत होतं. नकाशा काढायचा आणि उद्घाटनाला साडी नेसून यायचं. मधल्या काळात ती दर दोन दिवसांनी साइटवर का येते, वाळू मुठीत धरून का बघते, माती मिसळलेली वाळू दिसली म्हणून भरलेला ट्रक परत का पाठवते, हे कुणाला कळत नसे. पण करारात ते लिहिलेलं होतं. मालक मंडळ, ठेकेदार वशरामभाई, आणि दोघांच्या मधे आर्किटेक्ट. तिची लेखी परवानगी असल्याशिवाय एक घमेलंही काँक्रीट पडायचं नाही. आप्पांनी या करारावर सही केली होती. वाचला होता की नाही, हा वेगळा प्रश्न.

वशरामभाई कामरेजचे, मूळ काठियावाडातले. पानाचा तोबरा, गळ्यात टॉवेल आणि तोंडात सदैव 'थई जशे', म्हणजे होऊन जाईल. काम चांगलं करायचे, पण कुणी बघत असलं तर जास्त चांगलं. गायत्री बघत होती, त्यामुळे सगळं ठीक चाललं होतं. आदल्या दिवशी दुपारी तिने स्लॅबच्या सळ्या तपासल्या, विशेषतः गॅलरीच्या. रस्त्याच्या बाजूला तिने खांबांशिवाय बाहेर काढलेली चांगली रुंद गॅलरी ठेवली होती, पुस्तकातून डोकं वर काढल्यावर मुलींना वाऱ्याला उभं राहता यावं म्हणून. सळ्या जिथे हव्या तिथे होत्या. तिने परवानगीचा कागद सही करून वशरामभाईंना दिला आणि घरी गेली.

परवानगी दिल्यावरही स्लॅब भरायच्या सकाळी पुन्हा एकदा वर जाऊन यायचं, ही तिची सवय. जुन्या ऑफिसातले लोक या सवयीला हसायचे. त्या सकाळी ती वर गेली आणि गॅलरीपाशी येऊन थबकली.

सळ्यांवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. हळदकुंकू, तांदूळ, नारळाच्या शेंड्या, एक मोडलेला केसांचा चापसुद्धा होता. आणि सळ्या जागेवर नव्हत्या. वरच्या सळ्या वर धरून ठेवण्यासाठी खाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवतात, त्या खुर्च्या आडव्या झाल्या होत्या आणि अख्खी जाळी खाली बसली होती. गायत्रीने वाकून हात घातला. वरच्या सळ्या जवळजवळ तळाच्या फळ्यांना टेकल्या होत्या.

तेवढ्यात वशरामभाई बशीतून चहा पीत वर आले. तिचा चेहरा बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"बेन, काल सांजे आप्पा आव्या'ता. पूजा करवा." ते हळू आवाजात म्हणाले. "सौ आदमी लेके आए. लेडीज, छोकरा, सब. गॅलरी में खडे रहके फोटो भी निकाला. मैंने बोला, आप्पा, लोखंड पे मत चढाओ. बोले, लोखंड हमारा है."

गायत्रीला रागही आला आणि हसूही आलं. लोखंडाची पूजा करायची आणि त्याच लोखंडावर नाचायचं, हे आपल्याच लोकांना सुचू शकतं.

"मला फोन का नाही केलात?"

"तमारो समाज छे, बेन. मैं बीच में बोलके मरूं?" मग त्यांनी नेहमीचं औषध काढलं. "टेन्शन ना लो. भरते-भरते हुक से खींच लेंगे. थई जशे."

"किती वर येतील?"

"जेटली आवे एटली."

जितक्या येतील तितक्या! खाली सनई वाजत होती, खापरावर पुरणपोळ्या पडत होत्या, फाटकाशी काँक्रीटचा पंप येऊन उभा होता. तिची परवानगी काल दिलेली होती. ती गप्प बसली असती तरी कागदावर तिचं काही चुकलं नव्हतं. सळ्या बरोबर होत्या तेव्हा तिने सही केली होती, पुढचं ज्याचं त्याने बघावं. हा विचार तिच्या मनात आला, अगदी स्पष्ट आला, आणि त्याची तिला लाज वाटली. या गॅलरीत पुढे कोण उभं राहणार होतं? जिन्यात अभ्यास करणाऱ्या मुलीच ना!

"कालचा कागद कुठे आहे?"

"खिस्सामां."

"द्या."

तिने कागद गुडघ्यावर धरला, त्याच्यावर आडवं 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. "गॅलरी पुन्हा तपासल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही. प्लँटला फोन करा, गाड्या निघू देऊ नका."

वशरामभाईंनी प्लँटला फोन लावला, पण त्यांची नजर खाली मांडवाकडे होती. "आप्पा ने कोण केशे?"

"मी सांगते," गायत्री म्हणाली आणि जिना उतरू लागली.

मांडवात आप्पा पांढऱ्या सफारीत बसले होते. नऊ वाजता वॉर्डातले एक पुढारी नारळ फोडायला यायचे होते, म्हणून पत्रिकेत मुहूर्तही नऊचाच छापला होता. एका बाजूला सुकलाल आणि मंडळी सतरंजीवर पत्ते खेळत होती. दुसरीकडे गायत्रीची आई सरलाबाई बायकांबरोबर उलट्या खापरावर मांडे टाकत होती. मांडा म्हणजे खान्देशी पुरणपोळी, हातावर फिरवत फिरवत टोपलीएवढी करतात ती.

"आप्पा, जरा बाजूला येता का?"

"बाजूला कशाला? इथेच बोल. समाज आपलाच आहे," आप्पा मोठ्याने म्हणाले. चार माणसांनी माना वळवल्या.

"स्लॅब आत्ता भरता येणार नाही. गॅलरीच्या सळ्या दबल्या आहेत. त्या वर घ्याव्या लागतील. दुपार होईल."

आप्पा आधी हसले. पोर चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. "काल तर तूच पास केलं ना?"

"ती परवानगी मी मागे घेतली."

सनईवाल्याने सुद्धा वाजवायचं थांबवलं. आप्पा उठून उभे राहिले. भर मांडवात कुणी त्यांना नाही म्हटलं, असं फार वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि जिन्याच्या पायथ्याशी वशरामभाई दिसल्याबरोबर त्यांना वाट सापडली.

"हा! हा वशराम! याने निष्काळजीपणा केला. ऐन सणाच्या दिवशी समाजाच्या कामात खोडा घातला. आज, आत्ता करार मोडला याचा! हाकला याला!"

मंडळी लगेच तयार. पाचसहा तरणी पोरं वशरामभाईंभोवती गोळा झाली, कुणीतरी त्यांच्या गळ्यातला टॉवेल ओढला. वशरामभाईंनी आधी आप्पांकडे पाहिलं आणि मग गायत्रीकडे.

पत्त्यांच्या सतरंजीवरून सुकलालही तिच्याकडे बघत होता. बापाचे डोळे तिला वाचता येत होते. राहू दे पोरी, गप्प बस, असं ते सांगत होते. आणि गप्प बसणं किती सोपं होतं! वशरामभाई परके, कामरेजचे. दोष त्यांच्या माथी मारला की आप्पांचा मान राहत होता, सळ्याही दुरुस्त झाल्या असत्या आणि संध्याकाळी सगळ्यांनी तिला आग्रह करकरून आमरस वाढला असता.

"त्यांना सोडा," गायत्री म्हणाली. कुणी ऐकलं नाही, म्हणून तिने पुन्हा, जोरात म्हटलं. "टॉवेल सोडा आधी! वशरामभाईंची चूक नाही. काल दुपारी सळ्या बरोबर होत्या. मी स्वतः हात लावून बघितल्या. त्यानंतर वर पूजा झाली, शंभर माणसं सळ्यांवर उभी राहिली. त्यांनी नको म्हटलं होतं. चूक आपली आहे."

"आपली म्हणजे कुणाची?"

"तुमची, आप्पा."

कुणाच्या तरी हातातून झारा पडला. आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "तुला काम कोणी दिलं गं? तू कुणाच्या बाजूची?"

"काम तुम्ही दिलंत. उपकार आहेत तुमचे. पण करारावर सह्या झाल्या त्या दिवसापासून मी कुणाच्याच बाजूची नाही. वाळू खराब आली तेव्हा यांचा ट्रक परत पाठवला, तेव्हा तुम्हीच शाबासकी दिली होती. आज पाळी तुमची आली, तर तुम्हाला सांगायला नको?"

"पण सळ्या वर काय, खाली काय," मागून कुणीतरी म्हणालं. "लोखंड तर आतच आहे ना?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. गायत्री आईकडे वळली. सरलाबाईच्या हातावर अर्धा झालेला मांडा लोंबत होता.

"आई, मांडा हातावरून जास्त बाहेर लोंबला तर कुठून फाटतो?"

"हातना कडेले," सरलाबाई तात्काळ म्हणाली. "वरतून."

"बघा, ही गॅलरीही तशीच भिंतीच्या हातावरून बाहेर लोंबलेली आहे. फाटली तर वरून फाटणार, भिंतीच्या कडेशी. तिला धरून ठेवणाऱ्या सळ्या वरच हव्यात. तळाशी असल्या तर असून नसल्यासारख्या. आज खाली टेकू आहेत म्हणून काही कळणार नाही. टेकू काढून लोक वर उभे राहिले की मग कळेल."

बायकांना हे एका क्षणात समजलं. खापरापाशी कुजबुज सुरू झाली, आणि काल गॅलरीत फोटो काढणाऱ्या दोघीचौघी एकमेकींकडे बघायचं टाळू लागल्या. पण आप्पांकडे अजून एक हुकमी पान होतं.

"आणि मुहूर्त? नऊचा मुहूर्त टळला आणि पुढे काही वाईट झालं तर जबाबदार कोण?"

सळ्यांचं गायत्री सांगू शकत होती. मुहूर्ताचं कोण सांगणार? मांडवात पुन्हा चुळबूळ झाली. म्हातारी माणसं माना हलवू लागली. आता सगळं हातचं जाणार, असं तिला वाटलं.

सरलाबाईने हातावरचा मांडा शांतपणे खापरावर पसरला आणि पदराला हात पुसले. ती चारचौघांत कधी बोलत नसे. "आप्पा, आखाजीले कसाना मुहूर्त पाहातस तुम्ही? आखाजीना आख्खा दिनच मुहूर्त शे. नऊना मुहूर्त तुमना पाव्हनाना शे."

आधी एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळा मांडव असा काही हसला की सतरंजीवरचे पत्ते उधळले. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. आखाजी म्हणजे साडेतीन मुहूर्तांतली, तिला घड्याळ कशाला लागतं? फक्त पत्रिकेत छापलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आप्पा खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसू लागले.

तेव्हा सुकलाल उठला. हातातले पत्ते त्याने सतरंजीवर उपडे टाकले. त्या डावात आपल्याकडे तीन एक्के होते, असं तो पुढे कित्येक दिवस सांगत होता, पण त्याचा काही पुरावा नाही. "चला रे," तो पोरांना म्हणाला. "टॉवेल कसाले ओढतस त्या माणूसना? फळ्या आणा. मनी आंडेर सांगी तसं करा."

माझी मुलगी सांगेल तसं करा. गायत्री सगळ्यांच्या आधी जिना चढली.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. ठोकळ्यांवर फळ्या टाकून पाय ठेवायला वाट केली, सळईला कुणाचा अंगठाही लागू नये अशी. सळ्या बांधणारे झारखंडचे फिटर पहारींनी जाळी उचलून धरत आणि वशरामभाई स्वतः पोटावर झोपून खाली नव्या खुर्च्या सरकवत. गायत्रीने स्ट्रक्चरल इंजिनिअर श्रीकांत सरांना फोटो पाठवले. सरांनी खुर्च्या पहिल्यापेक्षा जवळजवळ ठेवायला सांगितल्या, म्हणून फाटकाशी बसून आणखी खुर्च्या वाकवल्या. तार बांधायला हात कमी पडले, तशी लूमवरची पोरं पुढे झाली. तुटलेला धागा चालत्या लूममध्ये सांधणारे हात ते. फिटरने गाठ एकदा दाखवली आणि थोड्याच वेळात तोच म्हणायला लागला, भैया, जरा धीरे, हमको भी कुछ करने दो.

मधे कधीतरी पुढारी आले, त्यांनी फाटकावर नारळ फोडला, दोन शब्द बोलले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. आप्पा सोडून कुणी त्यांना पाहिलंही नाही.

ऊन चढलं. सळ्या हाताला चटके देऊ लागल्या. सगळं झालं असं वशरामभाईंनी सांगितल्यावर गायत्री फळीवर बसली आणि एका टोकापासून एकेक सळई मोजपट्टीने तपासत निघाली. कोपऱ्याशी येऊन ती थांबली.

"ही अजून खाली आहे."

वशरामभाई पुन्हा पोटावर झोपले. त्यांच्या सदऱ्याला हळदकुंकू लागलं होतं आणि कपाळाला गंज. खुर्ची सरकवून ते उठले आणि म्हणाले, "बेन, हवे तो भगवान खुद चेक करे तो भी पास."

"भगवान काल इथेच होते," गायत्री म्हणाली. "आज मी बघते." तिने मोजपट्टी लावली, मान हलवली आणि नवा कागद काढून सही केली. कागद वशरामभाईंच्या हातात गेला मात्र, आणि खालपासून वरपर्यंत अशी आरोळी उठली की पलीकडच्या गल्लीतले लोक धावत आले. पंप धडधडला, गाड्या आल्या, पहिलं काँक्रीट पडलं. सरलाबाईने पहिल्या घमेल्यावर कुंकू वाहिलं, ते फळीवर उभं राहून. पाय खाली ठेवायची आता कुणाची छाती नव्हती.

ऊन उतरायच्या सुमारास शेवटची गाडी रिकामी झाली. मग पंगती बसल्या. फिटर, सेंट्रिंगवाले, पंपवाले, समाजातली माणसं, सगळे एकाच ओळीत. वशरामभाईंना सुकलालने स्वतःच्या शेजारी बसवलं आणि मांड्यावर इतकं तूप वाढलं की ते 'बस, बस' म्हणत पानावर आडवे झाले. फक्त आप्पांचं पान रिकामं होतं. ते न जेवताच घरी गेले होते.

त्या रिकाम्या पानाने गायत्रीचा घास अडवला. आणि पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. भर सणात पोरीने माझी इज्जत उतरवली, असं आप्पा ठिकठिकाणी बोलत होते. पुढच्या बैठकीत नवा आर्किटेक्ट नेमायचा विषय आणणार, अशीही बातमी आली. सुकलालने आप्पांच्या घरावरून जायचं सोडलं. गायत्री मात्र ठरल्या दिवशी साइटवर जात राहिली, स्लॅबवर पाणी धरलंय की नाही ते बघत राहिली. काम काढून घेतलं तरी गॅलरी तर नीट झाली, असं ती स्वतःला समजावायची. पण खरं सांगायचं तर तिला ही इमारत शेवटपर्यंत हवी होती. फार हवी होती.

एका दुपारी ती वरच्या जिन्यात उभी असताना खाली आप्पांचा आवाज आला. एकटेच आले होते. गॅलरीखालच्या टेकूंमध्ये उभे राहून मान वर करून बघत होते.

"वशराम," ते म्हणाले. "खरं सांग. तशीच भरली असती तर पडली असती का?"

वशरामभाईंनी पान तोंडात सरकवलं. "पता नहीं, आप्पा. बेनने पता करने का मौका ही नहीं दिया."

हातातली काठी टेकूला दोनदा ठोकून आप्पा निघून गेले. बैठकीत नव्या आर्किटेक्टचा विषय निघालाच नाही.

टेकू काढायचा दिवस आला. हा काही सण नव्हता, पत्रिका नव्हती, पण बातमी फुटली होती आणि अख्खा गोडादरा रस्त्यावर उभा होता. गायत्रीने क्रम समजावून सांगितला होता. आधी बाहेरच्या कडेचे टेकू आणि तिथून हळूहळू भिंतीकडे. एकेक टेकू हातोड्याच्या टोल्याने मोकळा होत होता आणि प्रत्येक टोल्याला सुकलाल डोळे मिटत होता. शेवटचा टेकू निघाला तेव्हा रस्त्यावर इतकी शांतता पसरली की लांबच्या शेडमधले लूम ऐकू आले. गॅलरी हवेत उभी होती. खाली काही नव्हतं. वशरामभाईंनी गॅलरी भिंतीला जुळते तिथे बोट दाखवलं आणि गायत्रीने बाजूने, स्लॅबच्या वरच्या कडेपर्यंत, डोळे बारीक करून पाहिलं. केसभरही चीर नव्हती.

लोकांचा लोंढा जिन्याकडे धावला. सगळ्यांच्या पुढे आप्पा. पांढरी सफारी, हातात काठी. ते जिना चढून गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि एकदम थांबले. मागच्यांना त्यांनी काठी आडवी लावून अडवलं. मग दारातूनच मान बाहेर काढून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी खाली हाक मारली.

"गायत्री! पोरी, पाय ठेवू का?"

आप्पा विचारत होते. सगळ्या गल्लीसमोर, काठी आडवी धरून, आप्पा विचारत होते. गायत्रीला वाटलं आपण आता रडणार, पण ती खळखळून हसली. तोंडाशी दोन्ही हात धरून तिने ओरडून सांगितलं, "ठेवा, आप्पा! सगळ्यांना घेऊन या! उड्या मारा!"

आप्पांनी काठी बाजूला केली. माणसं गॅलरीत भरली, पोरीबाळी कठड्याच्या सळ्यांना बिलगल्या, आणि सरलाबाईने शेजारणीचे दोन्ही हात धरून मधोमध फुगडीच घातली. धूळ उडाली, बांगड्या वाजल्या, बायकांनी ताल धरला. गायत्री वर गेली नाही. वशरामभाईंचा हात धरून ती गॅलरीच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. डोक्यावर समाज नाचत होता आणि गॅलरी जागची तसूभर हलली नाही.